संकेतस्थळ पाहावे मांडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. ह्या दोन प्रसंगांतून गेलेल्या माणसास जगातील बहुतेक अडचणींची ओळख होते, असा त्या म्हणीचा भावार्थ. आजच्या काळात ह्या म्हणीस तिसरे पद जोडण्यास हरकत नसावी : संकेतस्थळ पाहावे मांडून! त्यात घराप्रमाणे जागा घ्यावी लागते, पाया घालावा लागतो, दालने आखावी लागतात. आणि लग्नाप्रमाणे आल्यागेल्या प्रत्येकाचे मत ऐकून घ्यावे लागते. शीर्षपट्टीचा रंग कोणता असावा, याविषयी आमच्या शिक्षकदालनात जेवढी चर्चा झाली तेवढी परीक्षेच्या वेळापत्रकाविषयीही कधी झाली नसेल.

2024 च्या जून महिन्यात शाळेच्या संकेतस्थळाचे काम आमच्याकडे आले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात व्याकरण आणि इतिहास शिकविणारे. हे काम अभियंत्याचे, अशीच आमची समजूत होती. परंतु काम सोपविताना मुख्याध्यापकांनी अभियांत्रिकीची गोष्टच काढली नाही. त्यांनी दोनच अटी घातल्या : खर्च बेताचा असावा, आणि पुन्हा पूर्वीसारखे होऊ नये.

पूर्वी काय झाले होते, ते आजच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. शाळेचे एक संकेतस्थळ याआधीही होते. 2014 साली एका गृहस्थांकडून ते करवून घेतले होते. त्यावर वार्षिकांतील निवडक लेख होते, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे होती, जुन्या शिक्षकांनी लिहिलेल्या आठवणी होत्या. पुढे त्या गृहस्थांनी हा व्यवसाय सोडला आणि ते परगावी गेले. संकेतस्थळाच्या नावाचे भाडे वर्षास भरावे लागते. त्याची स्मरणपत्रे त्यांच्याच ई-पत्त्यावर जात राहिली. 2019 साली एके दिवशी संकेतस्थळ उघडेनासे झाले. पासवर्ड त्यांच्यापाशी होते, आणि मजकुराची दुसरी प्रत कोणापाशीच नव्हती. छापील वार्षिकांपैकी दोन वर्षांचे अंक वाळवीने आधीच खाल्ले होते. काही महिन्यांनी एका निवृत्त शिक्षकांचे निधन झाले आणि त्यांच्या मुलीने, बाबांनी लिहिलेली ती आठवण मिळेल का, म्हणून शाळेत विचारले. ती देता आली नाही. संकेतस्थळाचे काम करताना ह्या मुलीचा प्रश्न आम्ही नेहमी समोर ठेवला. आणि खालील सारे विवेचन, खरे पाहता, त्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

प्रथम थोडा इतिहास. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली. जगातील पहिले संकेतस्थळ तेथेच तयार झाले, आणि 1991 साली ते बाहेरच्या जगास पाहावयास मिळाले. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्या आरंभीच्या काळात प्रत्येक पान ही स्वतंत्र, हाताने लिहिलेली फाईल असे. मजकूर आणि त्याची सजावट एकाच फाईलमध्ये एकमेकांत विणलेली. चाळीस पाने असतील आणि शाळेचा दूरध्वनी क्रमांक बदलला, तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. एकोणचाळीस ठिकाणी करून एक विसरले, तर त्या एका पानावर जुना क्रमांक वर्षानुवर्षे तसाच राही.

ही अडचण दूर करण्यासाठी जी साधने निघाली त्यांस आशय-व्यवस्थापन प्रणाली, अथवा थोडक्यात सीएमएस, असे म्हणतात. त्यांचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : मजकूर एकीकडे ठेवावा, मांडणी दुसरीकडे ठेवावी, आणि वाचक आला की दोहोंची गाठ घालून द्यावी.

हे तत्त्व गोव्यातील मुलांस समजावून सांगणे फार सोपे आहे. चतुर्थीला आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीवर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगावयाची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, केळीचा घड, रानातील नाना प्रकारची फळे-पाने बांधावयाची. चौकट वर्षानुवर्षे तीच. फळे मात्र दरवर्षी ताजी. आता अशी कल्पना करा की, फळे कोठारात नीट नोंद करून ठेवलेली आहेत, आणि दर्शनास येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी कोणी अदृश्य हात त्या क्षणी ती चौकटीला बांधून दाखवितो. ते कोठार म्हणजे डेटाबेस. ती चौकट म्हणजे थीम. आणि तो अदृश्य हात म्हणजे सीएमएस. चौकट जुनी झाली तर नवी आणावी. फळांना धक्का लागत नाही. दूरध्वनी क्रमांक बदलला तर कोठारात एकदाच बदलावा. सर्व पानांवर तो आपोआप बदलतो.

अशा प्रणाली अनेक आहेत. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांची ‘ड्रुपल’ 2001 सालची. ‘जूमला’ 2005 सालची. तिचे नाव ‘सर्व मिळून’ अशा अर्थाच्या एका स्वाहिली शब्दावरून घेतले आहे, आणि तो शब्द मूळचा अरबी असल्यामुळे आपल्या मराठीतील ‘जुमला’ त्याचा सख्खा भाऊ लागतो. आम्ही निवडली ती ‘वर्डप्रेस’. तिची जन्मकथा विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. मिशेल वाल्द्रिगी यांनी 2001 साली ‘बी-टू’ नावाची एक लहानशी प्रणाली लिहिली होती. पुढे तिच्यावरील काम थांबले. ती मुक्त परवान्याखाली असल्यामुळे, अमेरिकेतील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आणि इंग्लंडमधील माइक लिटल ह्या दोघांनी ती उचलली, सुधारली, आणि 27 मे 2003 रोजी तिची पहिली आवृत्ती वर्डप्रेस ह्या नावाने प्रसिद्ध केली. मूळ कर्त्याने काम सोडले तरी काम मेले नाही. कारण संहिता सर्वांच्या हाती होती. आमच्या जुन्या संकेतस्थळाच्या बाबतीत नेमके ह्याच्या उलट घडले होते.

वर्डप्रेस ज्या परवान्याखाली दिली जाते त्यास जीपीएल म्हणतात. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवावी, आतून वाचावी, बदलावी आणि इतरांस द्यावी, अशी चार स्वातंत्र्ये त्यात आहेत. तिला किंमत पडत नाही, हा तर एक वेगळाच लाभ. जगभरचे स्वयंसेवक तिची भाषांतरे करतात. मराठी भाषांतरही अशाच हातांनी झालेले आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि प्रणाली. नाव म्हणजे डोमेन. ते विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळते, हे विसरू नये. देवनागरीत नाव हवे असल्यास 2014 पासून ‘डॉट भारत’ अशी सोय झाली असून त्यात मराठी आणि कोंकणी ह्या दोन्ही भाषांचा समावेश आहे. जागा म्हणजे होस्टिंग. कोणा कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सदैव जागत्या संगणकावर, भाड्याने घेतलेली खोली. त्या खोलीत पीएचपी ही भाषा चालली पाहिजे आणि मायएसक्यूएल अथवा मारियाडीबी हा डेटाबेस असला पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी आम्ही शाळेच्या नावाने घेतल्या. पैसे शाळेच्या खात्यातून भरले, आणि नोंदणीसाठी कोणा व्यक्तीचा ई-पत्ता न देता शाळेचा दिला. एवढ्या एका साध्या गोष्टीने मुख्याध्यापकांची दुसरी अट अर्धी पुरी झाली.

प्रणाली बसविणे हे सर्वांत सोपे काम निघाले. रिकामा डेटाबेस तयार करावयाचा, त्याचे नाव आणि पासवर्ड प्रणालीस सांगावयाचे, संकेतस्थळाचे शीर्षक लिहावयाचे आणि कळ दाबावयाची. नववीच्या तीन विद्यार्थ्यांनी ते आमच्या देखत चहा थंड होण्याच्या आत केले. ‘झाले?’ असे आम्ही विचारले. ‘झाले सर,’ असे उत्तर आले. समोर एक कोरे, नीटनेटके पान होते, आणि त्यावर प्रणालीने स्वतःच ठेवलेला नमुन्याचा एक लेख. तो लेख काढून टाकला, आणि खरी कसोटी सुरू झाली.

पहिल्याच दिवशी मुलांची धाव रंग आणि चित्रे ह्यांकडे होती. आम्ही त्यांस थांबवून आधी वहीवर आराखडा करावयास लावला. वर्डप्रेसमध्ये मजकुराचे दोन मुख्य प्रकार आहेत : ‘पान’ आणि ‘लेख’. शाळेचा परिचय, प्रवेशाचे नियम, संपर्क ह्या स्थिर गोष्टी म्हणजे पाने. स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, विद्यार्थ्याचा निबंध, सहलीचे वर्णन ह्या तारखेच्या गोष्टी म्हणजे लेख. नवा लेख वर येतो, जुना खाली सरकतो. लेखांस वर्ग असतात, जसे ‘कविता’, ‘वार्षिक’, ‘क्रीडा’. कोणती वस्तू कोणत्या फडताळात जावयाची हे आधी ठरविले म्हणजे पुढे शोधाशोध होत नाही. मुलांनी प्रथम सतरा वर्ग केले होते. वादविवादानंतर सहा राहिले.

नंतर मांडणीची पाळी. वर्डप्रेसमध्ये थीमची व्यवस्था 2005 सालापासून आहे, आणि 2010 पासून बहुतेक दरवर्षी त्या त्या वर्षाच्या नावाची एक थीम प्रणालीबरोबरच मिळते. 2022 पासून शीर्षपट्टी, तळपट्टी, पानाची रचना हे सारे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर ठोकळे हलवावे तसे बदलता येते. तथापि ह्या थीम प्रायः रोमन लिपी मनात धरून रचलेल्या असतात, आणि त्यांत देवनागरी बसविताना मराठी शाळेस स्वतःची बुद्धी वापरावी लागते. ह्या बाबतीत आम्हांस जे आढळले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अक्षरांमधील अंतराची. पुष्कळ थीम शीर्षकांतील अक्षरे थोडी विरळ करतात. रोमन अक्षरे सुटी असल्याने ती विरळ केल्यास शोभतात. देवनागरीत शिरोरेषा हा शब्दाचा कणा आहे. अक्षरे विरळ केली की तो कणा जागोजाग मोडतो आणि ‘विद्यालय’ हा शब्द तुटलेल्या कुंपणासारखा दिसू लागतो. ते अंतर शून्य करावे.

दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. आपल्या लिपीत रेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ओळी रोमन मापाने जवळ ठेवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेस भिडतो. ओळींतील अंतर थोडे वाढविताच पान मोकळा श्वास घेऊ लागते.

तिसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचे वळण हिंदीतल्याहून निराळे आहे, हे छापील पुस्तकांची तुलना करणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. ‘नोटो’ कुळातील देवनागरी टंकासारख्या काही टंकांत ही दोन्ही वळणे साठविलेली असतात. कोणते दाखवावे, हे पानावर केलेल्या भाषेच्या अदृश्य नोंदीवरून ठरते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘मराठी’ ही भाषा निवडली की ती नोंद प्रत्येक पानावर आपोआप होते, आणि अशा टंकात मराठी वळणाचे अक्षर उमटते. अंध वाचकांस पान वाचून दाखविणारे साधनही त्याच नोंदीवरून मराठीचा उच्चार निवडते. एका लहानशा निवडीवर एवढे अवलंबून असते.

चौथी गोष्ट पत्त्याची. लेखाच्या मथळ्यावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता तयार करते. मथळा देवनागरी असला तर पत्ताही देवनागरीच होतो. दिसावयास सुंदर, परंतु प्रवासात त्याचे हाल होतात. संगणकाच्या आत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन रोमन चिन्हे अशी लिहिली जाते. म्हणजे एका चिन्हामागे नऊ. वर्डप्रेस अशा पत्त्यास 200 चिन्हांची मर्यादा घालते. त्यात देवनागरीची जेमतेम 22 चिन्हे मावतात, आणि काना-मात्रा-हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात! ‘वार्षिक स्नेहसंमेलन वृत्तांत’ हा मथळा ‘वृत्’ येथेच गारद झाला. तेव्हा मथळा देवनागरी आणि पत्ता आखूड रोमन, असा नियम आम्ही ठरविला.

थीममध्ये बदल करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. थीमच्या मूळ फाईलींत हात घालून केलेली दुरुस्ती थीमची नवी आवृत्ती येताच पुसली जाते. म्हणून ‘बालथीम’ करतात. ती मूळ थीमचे सारे गुण घेते आणि आपले बदल तेवढे निराळे राखते. वडिलांच्या घराची डागडुजी झाली तरी मुलाच्या खोलीतील चित्रे जागच्या जागी राहावीत, तसे हे आहे.

प्लगिनांविषयी थोडे सांगतो. प्लगिन म्हणजे प्रणालीस जोडावयाचे जादा अवयव. हजारो मिळतात, आणि मुलांस ते सर्वच हवे असतात. घड्याळ हवे, बर्फ पडताना दिसावा (गोव्यात!), मजकूर सरकता हवा. प्रत्येक प्लगिन म्हणजे घरात घेतलेला एक बिऱ्हाडकरू. त्याची चौकशी करावी लागते, आणि तो आजारी पडला तर त्याची लागण घरालाही होते. ज्याची नवी आवृत्ती दीर्घकाळ निघालेली नाही, असा प्लगिन घेऊ नये. आणि विकतचा प्लगिन कोणी चोरून फुकट देत असेल, तर तो मुळीच घेऊ नये. शेवटी आमच्याकडे चारच बिऱ्हाडकरू राहिले, आणि बर्फ पडला नाही.

मग जुन्या मजकुराचे काम निघाले. काही वार्षिकांच्या संगणकप्रती एका जुन्या सीडीवर सापडल्या. परंतु तो मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात जुळविलेला होता. अशा टंकांत डोळ्यांस ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षरच असते. तो विशिष्ट टंक नसेल तर सारे लिखाण अर्थहीन रोमन अक्षरांचे कडबोळे होते. युनिकोडमध्ये देवनागरीस 1991 साली स्वतःची 128 स्थाने मिळाली, आणि तेथून ‘क’ हा कोणत्याही टंकात ‘क’च राहू लागला. रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु त्यांवर विसंबून चालत नाही. आमच्याकडील साधनाने ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ ह्यांतील भेद जागोजाग बुजविला, आणि एका सहलवर्णनात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ ह्यांचे ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले. डोंगरात समुद्र शिरला! तिघा विद्यार्थ्यांनी अशा एकशे बारा लेखांची मुद्रिते पावसाळाभर तपासली. व्याकरणाच्या तासाला जे पटत नाही ते त्यांना त्या कामात पटले, असे आमचे निरीक्षण आहे.

लिहिणाऱ्यांस अधिकार किती द्यावेत, ह्याचीही व्यवस्था वर्डप्रेसमध्ये उत्तम आहे. ‘योगदानकर्ता’ लेख लिहून पाठवू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘संपादक’ कोणाचाही लेख तपासून प्रसिद्ध करू शकतो. ‘प्रशासक’ थीम, प्लगिन आणि सर्व सेटिंग बदलू शकतो. विद्यार्थ्यांस पहिला अधिकार दिला, भाषाशिक्षकांस दुसरा. लेखातील प्रत्येक बदलाची पूर्वीची आवृत्ती जपून ठेवली जाते, त्यामुळे कोणी काही पुसले तरी ते परत आणता येते.

छायाचित्रांच्या बाबतीत एक सावधगिरी कायद्यानेही सांगितली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्ती बालक समजली जाते, आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद त्यात आहे. आम्ही पालकांच्या सहीचा कागद घेतल्यावाचून मुलाचा चेहरा ओळखू येईल असे चित्र घालत नाही, आणि चित्राखाली पूर्ण नाव देत नाही. प्रत्येक चित्रास दोन ओळींचे वर्णन जोडतो. ज्यांस चित्र दिसत नाही त्यांस ते ऐकू येते.

एका प्रश्नाचा उल्लेख येथे केला पाहिजे. आठवीच्या एका मुलीने आम्हांस विचारले, ‘सर, आम्ही घरी कोंकणी बोलतो, तुम्हीही कोंकणीच बोलता; मग संकेतस्थळ मराठीत का?’ आम्ही तिला सांगितले की, ह्या शाळेत आपण जे शिकतो आणि लिहितो ते मराठीत, म्हणून शाळेची वही मराठीत. परंतु आजीने सांगितलेली गोष्ट तू कोंकणीत लिहून आणलीस, तर तिलाही ह्या वहीत जागा आहे. तिने ती आणली. त्या गोष्टीच्या पानावर आम्ही कोंकणीची भाषानोंद केली. लिपी एकच, नोंदी दोन. दोन्ही भाषा एकाच कोठारात सुखाने नांदत आहेत.

आता शेवटचा आणि मूळ मुद्दा : किल्ल्या. संकेतस्थळ दोन भागांत राहते, हे लक्षात ठेवावे. मजकूर डेटाबेसमध्ये असतो. चित्रे, थीम आणि प्लगिन फाईलींत असतात. प्रत घेताना दोहोंची घ्यावी. एकाचीच घेतली तर चित्रांवाचून शब्द उरतात, अथवा शब्दांवाचून चित्रे. आम्ही दर शनिवारी एक प्रत होस्टिंगच्या बाहेर काढून घेतो, आणि महिन्यातून एक प्रत शाळेच्या कपाटातील डिस्कवर ठेवतो. आणि प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. ती उघडते का, हे पाहावे लागते. 2024 च्या चतुर्थीच्या सुट्टीत आम्ही आणि ते तीन विद्यार्थी यांनी एका निराळ्या संगणकावर त्या प्रतीतून सारे संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिले. ते उभे राहिले, तेव्हाच काम पुरे झाले असे आम्ही मुख्याध्यापकांस कळविले.

सर्व पासवर्ड, नावाच्या आणि जागेच्या मुदतीच्या तारखा, प्रत परत कशी आणावी याची पायरीपायरीने लिहिलेली कृती, असे एक पाकीट मुख्याध्यापकांच्या तिजोरीत आहे. प्रशासक दोन आहेत, जेणेकरून एकाची बदली झाली तरी दार बंद पडू नये. प्रणालीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी घेतल्या जातात. त्याआधी प्रत घेतली जाते. ह्या कामात डोळ्यांस सुखविणारे काहीच नाही. शीर्षपट्टीचा रंग पाहुण्यांस दिसतो; शनिवारची प्रत कोणासच दिसत नाही. परंतु रंग चार वर्षांनी बदलेल, थीम बदलेल, कदाचित वर्डप्रेस जाऊन तिच्या जागी दुसरी एखादी प्रणाली येईल. आणि तेव्हा जुन्या कोठारातील लेख नव्या चौकटीत नेता येतील, ते केवळ त्या शनिवारांच्या जोरावर.

त्या निवृत्त शिक्षकांचा लेख अद्याप सापडलेला नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने वार्षिक अंक असतील त्यांनी ते शाळेत पाहावयास द्यावेत; छायाप्रत घेऊन मूळ अंक साभार परत करण्यात येतील. आणि विद्यार्थिमित्रांनो, ज्या तिघांनी हे काम उभे केले ते आता शाळा सोडून पुढे जात आहेत. नववीतील दोघे-तिघे जण हवे आहेत. संगणकाचे मोठे ज्ञान असण्याची आवश्यकता नाही. शुद्ध मराठी लिहिता यावे, आणि शनिवारी दुपारी अर्धा तास न चुकता येता यावे, एवढे पुरे.